चौघांशिवाय दार उघडत नाही

प्रश्न : मी डीएमएलटीच्या (प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आली की माझ्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या उठतात. डॉक्टरांनी हर्पिस सांगितलंय. पुस्तकात वाचलं की या विषाणूला पेशीत शिरायला चार प्रथिनं लागतात. फ्लूचं एकावर भागतं, मग याला चार कशाला? आणि त्यातलं एक अडवलं तर माझ्या पुळ्या थांबतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : या चौघांची करामत तुम्हाला तुमच्या मायक्रोस्कोपखाली दिसेल. कॉलेजात त्झँक स्मिअर करायला मिळाला तर सोडू नका. ताज्या पुळीचा तळ खरवडून काचेवर पसरायचा, जिम्सा रंग द्यायचा. एकाच अवाढव्य पेशीत पाच-सात केंद्रकं एकमेकांना खेटून, कडा दाबून बसलेली दिसतात. त्वचारोग विभागात माझी नोकरी अशा काचा बघण्यात गेली आणि त्याचा कंटाळा कधी आला नाही. (काच बघून हर्पिस की नागीण हे मात्र सांगता येत नाही, दोन्हींत चित्र तेच.) बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूची प्रथिनं येतात आणि ती प्रथिनं शेजारची पेशी या पेशीत मिसळून घेतात. विषाणू आत शिरतो तेही याच रीतीने, आवरण पेशीपटलात विलीन करून.

प्रत्यक्ष विलीनीकरण करतं चौघांतलं जीबी नावाचं प्रथिन. ते उंदराच्या ताणून ठेवलेल्या सापळ्यासारखं आहे. एकदा सुटलं की पुन्हा ताणता येत नाही, भलत्या वेळी सुटलं तर तो विषाणू वाया. म्हणून पेशी ओळखण्याचं काम दुसऱ्याकडे, जीडीकडे. पेशीवर नेक्टिन-१ किंवा एचव्हीईएम यांपैकी एखादं प्रथिन भेटेपर्यंत जीडीचं शेपूट स्वतःच्याच अंगावर दुमडलेलं असतं. गाठ पडली की ते बाजूला सरतं आणि इशारा जीएच-जीएल या जोडीकडे जातो. यातल्या जीएलला पटलात रोवायला स्वतःचा पायच नाही, ते जीएचला धरून राहतं. बरीच वर्षं ही जोडीही विलीनीकरण करत असेल असा संशय होता. २०१० मध्ये तिची रचना समजली आणि ती तशा कोणत्याच प्रथिनासारखी निघाली नाही. ती जीबीला चेतवते, असं आता मानतात. जीबीची रचना २००६ मध्येच मिळाली होती, पण सुटून गेलेल्या अवस्थेतली. ताणलेलं जीबी पकडणं फार जड गेलं.

आता एक अडवण्याबद्दल. कल्पना चांगली आहे आणि करूनही पाहिली आहे. जीडीपासून केलेली लस अमेरिका आणि कॅनडात ८,३२३ स्त्रियांवर तपासली. २०१२ मध्ये निकाल आला : जननेंद्रियांच्या हर्पिसपासून एकूण संरक्षण जेमतेम २० टक्के. या विषाणूचे दोन प्रकार आहेत; टाइप १ पासून थोडं बरं, टाइप २ पासून जवळपास नाहीच. तुमच्या बाबतीत तर विषाणू केव्हाच आत आलेला आहे आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसला आहे. दार आता बंद करून तो तिथून निघणार नाही. असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध दाराशी नाही, आत काम करतं, विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवतं. म्हणून ओठाला मुंग्या येऊ लागल्या की लगेच सुरू करायचं, पुळ्या फुटेपर्यंत थांबलात तर फारसा उपयोग नाही. डोस डॉक्टरांकडून लिहून ठेवा.

पुळ्या असताना तान्ह्या बाळाचे पापे घेऊ नका. आणि डोळा लाल होऊन टोचू लागला तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.