लाल टेस्ट राहू दे, आधी हिरव्या बघ

सप्रेम नमस्कार,

एसक्यूएल-अल्केमी (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) १.४ वरून २.० वर नेल्यावर बऱ्याच युनिट टेस्ट पडल्या, आता मॉक (टेस्टमध्ये खऱ्या वस्तूच्या जागी बसवलेल्या नकली वस्तू) दुरुस्त करत बसायचं का, असं तू विचारलंस. बसावं लागेलच थोडं. पण त्याआधी ज्या टेस्ट पास झाल्यात त्या उघड. माझा संशय त्यांच्यावर जास्त आहे.

जुन्या कोडमध्ये कुठेतरी इंजिनवर (लायब्ररीत डेटाबेसची कनेक्शन देणारी वस्तू) थेट एक्झिक्यूट कॉल केलेलं असेल. २.० मध्ये इंजिनची ती मेथड काढूनच टाकली आहे. कनेक्शन उघडून त्यावर एक्झिक्यूट करावं लागतं. खऱ्या इंजिनवर ही ओळ ॲट्रिब्यूट एरर देईल. टेस्टमध्ये मात्र इंजिनच्या जागी मॅजिकमॉक (पायथनचा तयार मॉक) बसलाय, आणि तो अव्वल नंबरचा होयबा. नसलेली मेथड मागा, देतो. तिच्यावर आणखी काही मागा, तेही देतो. इफमध्ये घातला तर खरा ठरतो. फॉर लूपमध्ये घातला तर रिकामा निघतो, म्हणजे लूपच्या आतली असर्ट (निकाल तपासणारी ओळ) कधी चालतच नाही. लायब्ररी बदलली हे त्याला कळणार कुठून? त्यात तुझी जुन्या व्हर्जनबद्दलची समजूतच तेवढी भरलेली आहे.

लाल, म्हणजे पडलेल्या टेस्टचं बहुतेक वेळा उलट असतं. कोड सिलेक्ट आणि स्केलर्स वापरून नव्याने लिहिलास, पण मॉक अजून क्वेरी, फिल्टर, फर्स्ट हीच साखळी धरून बसलाय. कोड बरोबर, टेस्ट चूक. (क्वेरी २.० मध्येही आहे, जुनी पद्धत म्हणून. ती बदलायची एवढी घाई नव्हती.)

मॉक ठेवायचेच असतील तर खऱ्या क्लासवरून ऑटोस्पेक करून बनव, म्हणजे त्या क्लासमध्ये आहे तेवढंच मॉकमध्ये येतं. मग नसलेली मेथड मागितली की टेस्ट तिथेच पडते. पण त्यावरही फार विसंबू नकोस. २.० मध्ये एक्झिक्यूटला नुसती स्ट्रिंग चालत नाही, टेक्स्टमध्ये गुंडाळून द्यावी लागते; ऑटोस्पेक आर्ग्युमेंटची संख्या आणि नावं बघतो, आत काय आहे ते नाही. त्याहून वाईट म्हणजे ऑटोकमिट गेलं, म्हणजे बदल आपोआप कायम होणं बंद झालं. इन्सर्ट चाललं, एरर नाही, कमिट करायचं राहिलं, कनेक्शन बंद होताना सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द. ‘एक्झिक्यूट एकदा कॉल झालं’ ही असर्ट बिनबोभाट पास, आणि टेबलात एक रो नाही. हे कुठलाच मॉक आपणहून पकडणार नाही.

म्हणून डेटाबेसशी बोलणारा कोड एका पातळ थरात गोळा कर: ‘ईमेलवरून ग्राहक शोध’, ‘ऑर्डर साठव’ अशी तुझ्या स्वतःच्या नावांची फंक्शन. बिझनेस लॉजिकच्या टेस्टमध्ये त्या थराच्या जागी डिक्शनरीवर चालणारा साधा फेक (खरंच काम करणारा छोटा पर्याय) दे. थराच्या टेस्ट मात्र खऱ्या डेटाबेसवरच. प्रॉडक्शनला पोस्टग्रेस असेल तर कंटेनरमध्ये पोस्टग्रेसच उभा कर. इन-मेमरी एसक्यूलाइट चटकन चालतो, पण प्राग्मा (त्याची सेटिंग) चालू केल्याशिवाय सहसा फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या रोकडे जाणारे दुवे, तपासत नाही. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करायची पद्धत चांगली आहे. फक्त कमिट तपासणाऱ्या टेस्टला ती लावू नकोस. तिथे डेटा दुसऱ्या कनेक्शनवरून वाच, नाहीतर न झालेलं कमिटही झाल्यासारखं दिसेल.

आत्ता लगेच करायचं ते एवढं: १.४ वर परत जा. २.० साठीचे इशारे दाखवणारं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल त्यात आहे, ते चालू कर आणि ॲप खऱ्या डेटाबेसवर चालव. मॉकवर चाललेल्या टेस्टमधून यातले फारसे इशारे येणार नाहीत. इशारे संपले की २.० कर, आणि त्या पुल रिक्वेस्टमध्ये (तपासायला पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीचं व्हर्जन हलवू नकोस. मॉक काढण्याची पुल रिक्वेस्ट वेगळी पाठव, ती मी निवांत वाचेन.