कोरियातले ज्वारीचे उंडे

(धान्य, पीठ आणि दळण यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देते. सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ ३१ वर्षं गिरणी चालवली, त्या अनुभवातून.)

प्रश्न : आक्का, नमस्कार. आमची धाकटी नववीत आहे. कोरियन मालिका बघून बघून तिला त्या लाल रश्शातल्या तांदळाच्या नळ्या खायच्या आहेत. सासूबाई म्हणतात, घरात पोतंभर शाळू असताना तांदळाचं एवढं कौतुक कशाला? तिकडचे लोक फक्त तांदूळच वापरतात का? आणि आपल्या ज्वारीचं तसलं काही होतं का?
– एक वाचक भगिनी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : हे आधी सासूबाईंना वाचून दाखवा. कोरियात ज्वारी पिकते. तिकडे तिला ‘सुसु’ म्हणतात. लाल दाण्याच्या चिकट ज्वारीचे लिंबाएवढे गोळे करायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि शिजवून कुटलेल्या लाल कडधान्यात घोळवायचे, अशी तिथली रीत आहे. बाळाला शंभर दिवस झाले की करतात, पहिल्या वाढदिवसाला करतात आणि पुढे मूल दहा वर्षांचं होईपर्यंत दर वाढदिवसाला करायची जुनी पद्धत आहे. लाल रंगाने इडापिडा टळते अशी त्यांची श्रद्धा. आपल्याकडे येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात ज्वारी-बाजरीचे उंडे नेतात, तेच डोळ्यांसमोर आणा.

तुमच्या लेकीला हव्या असलेल्या नळ्या म्हणजे ‘गारेत्तॉक’. ‘त्तॉक’ हा मोठा शब्द आहे. पीठ किंवा शिजवलेलं धान्य वाफवून, कुटून, तव्यावर परतून किंवा पाण्यात उकडून जे जे करतात ते सगळं त्तॉक. आपण त्याला तांदळाचा केक म्हणतो म्हणून गैरसमज होतो. तांदूळ तिथे मानाचा खराच, पण पूर्वी जिथे भात पिकत नव्हता तिथल्या बायकांनी काय हात जोडून बसायचं? त्यांनी शेतात होतं त्याचं त्तॉक केलं.

हे मी २०१९ मध्ये पाहिलं. माझी लेक संशोधनासाठी छुनछॉनला होती. हे गांगवॉन या डोंगराळ प्रांतातलं शहर. त्या वर्षी १३ सप्टेंबरला त्यांचा छुसॉक म्हणजे सुगीचा सण होता, आणि मी त्याआधी आठ दिवस पोहोचले. लेकीने देवळं दाखवली, तळी दाखवली. मला मात्र गल्लीच्या तोंडाशी गिरणी दिसली आणि माझे पाय तिथेच थांबले. गिरणीला ते ‘बांगात्कान’ म्हणतात. बाहेर बायकांची रांग, प्रत्येकीपुढे भिजवलेल्या तांदळाचं घमेलं. आपल्याकडे दिवाळीआधी भाजणीचे डबे लागतात, तसंच. फरक एवढाच की आपल्या गिरणीत ओलं धान्य टाकलं तर दगड चिकटून बसतील. तिथे मात्र भिजवून निथळलेले तांदूळच मीठ घालून दोन रुळांमधून काढतात आणि ओलसर, भुरभुरीत पीठ पडतं. त्याच गिरणीत लाल मिरची कुटून मिळते आणि तिळाचं तेलही काढून मिळतं. गिरणीवाली बाई माझ्याच वयाची होती. लेकीने तिला सांगितलं की आईची पण गिरणी आहे. तिने माझा हात हातात घेतला, तळवा पाहिला आणि आपला तळवा शेजारी धरला. दोघींच्या बोटांना सारखेच घट्टे होते. पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी तिथे जाऊन बसत होते.

तिच्याकडूनच कळलं की गांगवॉनच्या डोंगरात भातशेती कमी, म्हणून तिथलं त्तॉक बटाट्याचं, मक्याचं, कुट्टूचं आणि ओकच्या फळांचं. बटाट्याची कथा ऐकून तर मी थक्क झाले. काढणीत कापले गेलेले, मार लागलेले बटाटे फेकत नाहीत. रांजणात पाण्यात घालून ते कुजू देतात. मग कित्येक दिवस पाणी बदलत राहायचं. वास गेला की तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व उरतं, ते वाळवून ठेवतात. त्याच्या पाऱ्या करून आत सारण भरतात, आणि मुठीत दाबल्यावर उठलेले बोटांचे ठसे तसेच ठेवतात. वाफवल्यावर त्या काळपट आणि काचेसारख्या पारदर्शक होतात. कुजक्या बटाट्यातून सणाचा पदार्थ काढणाऱ्या त्या बायकांपुढे मी मनातल्या मनात वाकले.

दक्षिणेला छेजू बेट आहे. तिथली जमीन ज्वालामुखीची, पाणी ठरतच नाही, झिरपून जातं. भात नाही, म्हणून राळा आणि कुट्टू. चिकट राळ्याच्या पिठाची मधे भोक असलेली चकती उकडायची, ते ‘ओमेगीत्तॉक’. आता दुकानात मिळतं ते बहुतेक चिकट तांदळाचं असतं, आत लाल सारण भरलेलं. जुनं होतं ते राळ्याचं. आपल्याकडे राळा खाणारी घरं आता किती उरली? माझ्या गिरणीत पहिल्या दहा वर्षांत राळा दळायला यायचा, नंतर एकही डबा आठवत नाही.

उलट नैऋत्येच्या जॉल्ला प्रांतात मोठं मैदान, भाताचं कोठार. तिथलं त्तॉक नटवं, नाना तऱ्हेचं. सेऊलचे सोंगप्यॉन, म्हणजे अर्धचंद्राच्या वाफवलेल्या करंज्या, एका घासाच्या. उत्तरेत ह्वांगहेच्या मैदानात त्याच हातभर मोठ्या नसल्या तरी चांगल्या ठसठशीत. सोंगप्यॉन चाळणीत पाईनच्या सुया अंथरून त्यावर वाफवतात, त्यामुळे एकमेकींना चिकटत नाहीत आणि वास लागतो. आपण मोदकाखाली हळदीचं पान ठेवतो त्याचीच ही बहीण.

आता तुमच्या घरचं. त्यांची त्तॉकची ज्वारी चिकट जातीची, आपली मालदांडी तशी नाही. चिकट धान्यात अमायलोज नावाचा स्टार्च जवळजवळ नसतो, म्हणून ते ताणलं जातं. मालदांडीच्या पिठाला तेवढा ताण येत नाही, आणि दळण जुनं झालं की विरीही जाते, हे तुम्हाला भाकरी थापताना कळतंच. म्हणून मी असं करते : ताजं दळलेलं ज्वारीचं पीठ दोन वाट्या, साबुदाण्याचं पीठ अर्धी वाटी, चिमूटभर मीठ. पाणी खळखळ उकळतं हवं, ते घालून उकड काढा आणि झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं निवलं की खूप मळा. इथे आळस केला तर गोळे पाण्यात फुटतात. लहान गोळे उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की आणखी दोन मिनिटं ठेवून थंड पाण्यात काढा. लाल चवळी शिजवून, पाणी पूर्ण निथळून, कढईत कोरडी परतून ठेचा, थोडा गूळ घाला आणि त्यात गोळे घोळवा. त्यांचं लाल कडधान्य आपल्याकडे सहज मिळत नाही, पण ते चवळीच्याच कुळातलं आहे.

लेकीला लाल रश्शातच हवं असेल तर त्याच उकडीच्या करंगळीएवढ्या नळ्या वळा, उकडा आणि तिखट रश्शात सोडा. तांदळाइतकं चिवटपण येणार नाही, हे तिला आधीच सांगा. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, काळ्या रानातल्या ओलीवर वाढलेला तो दाणा आहे. त्याची चव तिच्या जिभेवर एकदा तरी अशा रूपात जाऊ दे.

प्रश्न : मी निवृत्त यंत्रमाग कामगार. कापड विणायच्या झाडाची पानं कोरियात खातात असं नातू सांगतो. खरं का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : खरं आहे, दादा. त्या झाडाला तिकडे ‘मोसी’ म्हणतात. त्याच्या सालीच्या धाग्याचं उन्हाळी कापड विणतात, फार तलम आणि हवेशीर. हानसान भागातल्या त्या विणकामाला युनेस्कोने २०११ मध्ये मानवतेच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिलं. आणि जॉल्लातल्या यंगग्वांगमध्ये त्याच झाडाची पानं उकडून तांदळाबरोबर कुटतात, त्याचे हिरवेगार सोंगप्यॉन होतात. पानामुळे पीठ लवकर कडक होत नाही, असं तिथले लोक सांगतात. ज्या झाडाने अंग झाकायचं त्यानेच पोट भरायचं, हे ऐकून मला आपल्या पूर्व भागातल्या मागांचा खडखडाट आठवला होता.

असंच दवण्याच्या कुळातल्या एका रानपाल्याचं. वसंतात त्याचे कोवळे शेंडे खुडून पिठात मळतात. कडवट, सुवासिक. मला तो वास इतका ओळखीचा वाटला की डोळे भरून आले.

प्रश्न : असे पदार्थ उरले तर दुसऱ्या दिवशी दगड होतात. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. शिजलेला स्टार्च त्या थंडीत सर्वांत लवकर घट्ट होतो. एकतर त्याच दिवशी संपवा, नाहीतर गार झाल्या झाल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि खाताना थेट वाफवा. कोरियन बायका गारेत्तॉक मुद्दाम एखादा दिवस वाळवतात, कारण मऊ नळी कापता येत नाही. घट्ट झाली की तिचे तिरके काप करतात आणि नवीन वर्षाच्या सकाळी रश्शात शिजवतात. आपण नाही का भाकरी मुद्दाम कडक करून महिनाभर टिकवत? तेव्हा तुमचे उंडे दगड झालेच तर टाकू नका. पातळ काप करून आमटीत सोडा, पाच मिनिटांत मऊ होतात.