वाळूचं घड्याळ काढू नका

प्रश्न : आठवीतल्या मुलाला त्याच्या मावसभावाने इंग्लंडहून 'स्पेस हल्क' या पटावरच्या खेळाचा संच आणून दिला. तो हौसेने मरीनची, म्हणजे चिलखती अंतराळ-सैनिकांची, बाजू घेतो आणि दर वेळी हरतो. वाळूच्या घड्याळाने त्याची तारांबळ उडते म्हणून आम्ही ते काढून ठेवलं, तरी हरतोच. खेळच एकतर्फी आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, आणि ते घड्याळ आधी पटाशेजारी परत ठेवा! रिचर्ड हॅलिवेल यांचा हा खेळ 'गेम्स वर्कशॉप'ने १९८९ मध्ये काढला, आणि त्यात वेळेचं बंधन फक्त मरीनवर आहे. जीनस्टीलर, म्हणजे समोरचे परग्रहावरचे हिंस्र जीव, खेळणारा निवांत विचार करतो. अंधाऱ्या, एकाच माणसापुरत्या रुंद बोळातल्या सैनिकाची घालमेल खेळणाऱ्याला जाणवते ती याच घड्याळामुळे. ते काढलं की उरते नुसती आकडेमोड.

तुमचा मुलगा हरतो त्याचं कारण, माझ्या मते, वेगळं आहे. तो पुढे धावत असणार. प्रत्येक मरीनला एका पाळीत चार कृती मिळतात, जीनस्टीलरला सहा. हातघाईत मरीन एक फासा टाकतो, जीनस्टीलर तीन टाकून सर्वांत मोठा धरतो. म्हणजे मरीन जिंकण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. जवळ येऊच द्यायचं नाही.

त्यासाठी आहे 'ओव्हरवॉच'. दोन पावलं चालायचं आणि उरलेल्या दोन कृती त्यात घालून बोळाकडे बंदूक रोखून थांबायचं. मग बारा घरांच्या टप्प्यात, नजरेसमोर शत्रू जेवढ्या वेळा हलेल तेवढ्या वेळा गोळी सुटते. दोन फाशांपैकी एकावर सहा पडला की तो मेला. दोन्ही फासे सारखे पडले तर मात्र बंदूक अडकते. इथेच मुलं सगळं घालवतात, कारण चिठ्ठी उचलून मिळालेले जादा कृतिगुण, म्हणजे जादा कृती, त्यांनी आधीच चालण्यात उडवलेले असतात. ते गुण शत्रूच्या पाळीतही वापरता येतात. एक तरी गुण अडकलेली बंदूक मोकळी करायला राखून ठेवायचा. मी माझ्या धाकट्या दिराबरोबर खेळते. मरीन घेतले की हा नियम मी कधीच मोडत नाही.

दारं लावायला त्याला शिकवा. एका कृतीत दार बंद होतं आणि पलीकडच्या टोळीला ते उघडण्यात कृती घालवावी लागते. शिवाय तुम्ही स्वतः मरीन व्हा आणि त्याला दोन-तीनदा जीनस्टीलर घेऊ द्या. मरीनची रांग कुठे उघडी पडते हे पलीकडून लगेच दिसतं.

पहिल्याच मोहिमेत ज्वाला फेकणाऱ्या सैनिकाला ठरलेल्या खोलीपर्यंत पोचवायचं असतं. त्याला सर्वांत पुढे ठेवू नका, आणि शेवटच्या मरीनचं तोंड मागच्या बोळाकडे करून त्याला ओव्हरवॉचवर ठेवा.