नोकरी न सोडता ऑक्युपेशनल थेरपीत पीएचडी करावी का? गोव्यात राहून जमेल का?

तुम्ही लिहिलंय की एमओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामं परत करता यावीत यासाठीच्या उपचारांची) पदव्युत्तर पदवी, होऊन आठ वर्षं झाली, मडगावात स्ट्रोकचे रुग्ण बघता, पीएचडीची इच्छा आहे, पण सोबतचे म्हणतात, "शिकवायला जायचं नसेल तर पीएचडी कशाला?" हे वाक्य मी माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांकडून ऐकलंय. म्हणून लिहिते आहे, आणि थोडं लांबेल.

आधी सरळ उत्तर. करा, पार्टटाइम करा आणि रुग्ण सोडू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्टटाइम पीएचडीला स्पष्ट परवानगी आहे. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. त्यापुढे पुनर्नोंदणी करून २ वर्षं मिळतात, आणि महिलांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. नोकरी करणाऱ्याला कामाच्या ठिकाणची एनओसी (ना हरकत पत्र) लागते. तिच्यात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पार्टटाइम पीएचडीला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. माझ्या वरिष्ठांनी पहिल्या एनओसीत तिसरी गोष्ट गाळली आणि वर "रुग्णसेवेत अडथळा येऊ नये" अशी ओळ घातली. विद्यापीठानं कागद परत पाठवला. तुम्ही मजकूर स्वतः टाइप करून न्या आणि फक्त सही मागा.

आता "कशाला" याचं उत्तर.

फोंड्याकडच्या एका गावातून एक बाई आमच्या ओपीडीत यायच्या. मेंदूच्या उजव्या बाजूचा स्ट्रोक, डावा हात-पाय गेलेला. बऱ्याच महिन्यांनी हात उघडायला लागला, चालणं सुधारलं, आणि एक दिवस बार्थेल इंडेक्स (रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारी पट्टी) १०० पैकी १०० आला. फाईलवर त्या स्वतंत्र झाल्या. डिस्चार्जची तयारी सुरू असताना सून म्हणाली, आई स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाहीत. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं होतं, नेवऱ्यांचं सारण चाललं होतं आणि त्या सोप्यावर बसून होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आदोळीवर (नारळ खोवायच्या पात्याच्या पाटावर) बसता येत नाही, नारळ खोवता येत नाही, मग आत जाऊन करू काय?

बार्थेलच्या दहा बाबी तुम्हाला पाठ असतील. खाणं, आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत, चालणं, जिना. १९६५ सालची अमेरिकन मोजणी आहे ती. जमिनीवर बसून परत उठणं तिच्यात कुठेच नाही. आणि आदोळीवर काय काय लागतं ते एका थेरपिस्टच्या नजरेनं बघा. एक पाय दुमडून पाटावर बसायचं, अंगाचं वजन पाटावर ठेवायचं, कवड दोन्ही हातांनी धरून दातेरी पात्यावर दाबायची आणि फिरवत राहायची. डाव्या हाताची पकड, मनगटाचं वळणं, खांद्याची स्थिरता, धडाचा तोल. वर धारदार पात्याशी बोटं! उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होऊ शकतं, बोटांची जाणीवही कमी असू शकते. हे सगळं एका कामात एकत्र येतं, आणि गोव्याच्या घरात ते जवळजवळ रोज करावं लागतं. खोबऱ्याशिवाय माशाचं हुमण होत नाही.

आम्ही आदोळी ओपीडीत आणली. आधी पातं जाड कापडानं गुंडाळून नुसतं बसणं आणि उठणं. मग पाटाची उंची वाढवून रिकामी करवंटी फिरवणं, त्यातही डावा हात सतत नजरेसमोर राहील अशी बैठक. मग खरी कवड, थोडी थोडी. मोजणी बार्थेलवर केली नाही, सीओपीएमवर (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) केली. तिथे काम कोणतं ते रुग्ण ठरवतो आणि स्वतःची कामगिरी आणि समाधान १ ते १० मध्ये स्वतःच सांगतो. २ गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा धरतात. त्यांचा फरक त्याहून मोठा होता. पूर्वीचा वेग आला नाही, पण घरापुरतं खोबरं त्या स्वतः काढायला लागल्या.

माझा विषय इथून आला. जमिनीवर बसून करायची घरकामं स्ट्रोकनंतर कशी परत आणायची आणि ती मोजायची कशी? सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन वरिष्ठांकडे गेले तर म्हणाले, "आदोळीवर पीएचडी होते का? रोबोटिक ग्लोव्ह घे, व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी घे, पेपर छापून येईल. नाहीतर रुग्ण बघणाऱ्यानं रुग्ण बघावेत." तेव्हा मी पदानं लहान होते, गप्प बसले. आज गप्प बसायचं कारण नाही.

आपला पेशा या देशात विद्यापीठाच्या इमारतीतून आलेला नाही. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात पहिली शाळा काढली. वॉर्ड शेजारी होते, रुग्ण समोर होते. १९५२ साली आपली अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या देशांत भारत होता. म्हणजे आपण या क्षेत्रात पहिल्यापासून आहोत. तरीही खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बनवलेली मोजपट्टी आपण मांडी घालून बसणाऱ्या माणसाला लावतो आणि त्याला बरा म्हणून घरी पाठवतो. ही चूक दिसते कोणाला? जो सुनेचं बोलणं ऐकायला पाच मिनिटं थांबतो त्याला. पूर्णवेळ शिकवणाऱ्याला ती दिसेलच असं नाही. रुग्ण बघणाऱ्यानं संशोधन करू नये असं म्हणणारा माणूस ही चूक तशीच राहू देतो, असं माझं ठाम मत आहे.

वरिष्ठांचा एक आक्षेप मात्र खरा होता, तो तुम्हालाही सांभाळावा लागेल. आपलाच रुग्ण आपल्याला नाही म्हणत नाही. उपचार थांबतील या भीतीनं तो कशावरही सही करतो. म्हणून संमतीपत्र दुसऱ्या कोणी घ्यावं आणि मोजणी अशा थेरपिस्टनं करावी ज्याला कोण कोणत्या गटात आहे ते माहीत नाही. जुन्या फाईलींतली माहिती वापरायची असली तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. उपचाराचा प्रयोग असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या उपचार-प्रयोगांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी करा, नंतरची चालत नाही. आणि वेळापत्रक गोव्याचं धरा. चतुर्थीच्या आठवड्यात फॉलोअपला कोणी येत नाही, आणि भर पावसात सत्तरी-काणकोणहून काठी टेकत कदंबाची बस पकडून या असं कोणाला सांगवत नाही. माझी बरीचशी मोजणी मी रुग्णांच्या घरी जाऊन केली. त्यांचं स्वयंपाकघर बघायला मिळालं, हा त्यातला मोठा फायदा.

अमेरिकेच्या ओटीडीबद्दल (डॉक्टर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी) तुम्ही ओझरतं विचारलंय. ती क्लिनिकल डॉक्टरेट आहे, पीएचडीसारखी संशोधनाची पदवी नव्हे. तिथे कायमचं जायचं असेल तर तिचा विचार करा. इथे राहून ऑनलाइन पीएचडी देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका, यूजीसी ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडी मान्य करत नाही. आणि नावामागे डॉक्टर लागावं एवढ्यासाठीच करणार असाल तर आत्ताच थांबा, एवढ्या वर्षांचा खर्च त्या पाटीसाठी परवडत नाही.

पैशांचंही सांगायला हवं. खासगी प्रॅक्टिसमध्ये पीएचडीनं फी वाढत नाही. रुग्णाला तुमचा हात कसा आहे ते कळतं, थिसिस कळत नाही. उलट कोर्सवर्कचे महिने उत्पन्न घटतं. कॉलेजात जायचं असेल तर बढतीला उपयोग होतो, पण तो तुमचा प्रश्न नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर एक वर्ष थांबून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. आणि रोजच्या कामातून एकही प्रश्न तुम्हाला छळत नसेल तर पीएचडी करू नका, वरचं सगळं विसरा.

राहिला गाईडचा प्रश्न. आपल्या विषयातले गाईड मोजके, आणि नियमानं प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ हून जास्त विद्यार्थी नसतात. त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधी जागा कोणाकडे रिकामी आहे ते शोधा. मडगावहून मुंबई कोकणकन्येनं एका रात्रीची आहे, मी तोच मार्ग धरला. मणिपाल उडुपी स्टेशनपासून जवळ आहे. गाईड दूरचा असला तर इथला एखादा न्यूरॉलॉजिस्ट किंवा कम्युनिटी मेडिसिनचा प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून मागून घ्या, नियमांत त्याची सोय आहे. पहिल्या भेटीत गाईडला दोन गोष्टी विचाराच: माझा विषय मीच आणला तर चालेल का, आणि याआधी नोकरी करणारे किती विद्यार्थी तुमच्याकडून पूर्ण करून बाहेर पडले. पहिल्याचं उत्तर नाही आलं तर दुसरा गाईड बघा.