रेयॉन म्हणजे प्लास्टिकच ना? मुंबईच्या हवेत ते वापरावे का?

तुम्ही लिहिले आहे की, दादरला कुर्त्याचे कापड पाहताना दुकानदाराने एकच तागा आधी 'रेयॉन' म्हणून आणि नंतर 'बांबू सिल्क' म्हणून दाखवला, घरी आल्यावर मोठ्यांनी 'ते प्लास्टिक आहे, घेऊ नकोस' असे सांगितले, आणि आता खरे काय ते तुम्हाला कळत नाही. मी मुंबईतील एका कापड तपासणी प्रयोगशाळेत ३१ वर्षे काम केले आहे आणि 'ते प्लास्टिक आहे' हे वाक्य माझ्या स्वतःच्या घरात त्याहून अधिक वर्षे ऐकत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रेयॉन प्लास्टिक नाही. कापूस ज्या सेल्युलोजचा बनलेला असतो, त्याच सेल्युलोजचे ते आहे. फरक इतकाच की कापसाचा तंतू बोंडात तयार होतो आणि रेयॉनचा तंतू लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात घडवावा लागतो. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, काही काळ मुरू देतात, मग कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवतात. त्यातून जो नारिंगी पदार्थ होतो तो पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट द्रव मिळतो. हाच व्हिस्कोस; त्यापासून होणाऱ्या रेयॉनलाही व्हिस्कोसच म्हणतात. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की सेल्युलोज पुन्हा घट्ट होऊन धाग्याच्या रूपात बाहेर येते. क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये या कृतीचे पेटंट घेतले आणि १९०५ पासून कॉव्हेंट्रीला त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पॉलिस्टर आणि नायलॉन ही मुळातच वेगळी जात आहे, ती खनिज तेलापासून येते. या दोन जाती एका पंगतीला बसवणे ही चूक आहे आणि ती चूक शिकलेली माणसेही सर्रास करतात.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण तुमच्या घरचे मोठे जे म्हणतात ते त्यांना का वाटते हे मला तिच्यामुळेच कळले.

माझे वडील, आबा, लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. १९८२ चा संप झाला, त्यानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. १९८७ मध्ये मला प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी आईसाठी वांगी रंगाची रेयॉनची साडी घेतली. त्या काळी तिला आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम, म्हणत. आई ती हळदीकुंकवाला नेसली, चाळीतल्या बायकांनी तिचे कौतुक केले, आणि दुसऱ्या दिवशी तिने ती नेहमीच्या पद्धतीने धुतली: मोरीतल्या दगडावर ठेवून धोपाटण्याने धोपटली आणि माझ्या धाकट्या बहिणीला दुसरे टोक धरायला सांगून पीळ घालून पिळली. पदराजवळ हातभर फाटली. आई काही बोलली नाही. तिने ती तशीच दांडीवर वाळत घातली.

आबांनी फाटलेल्या कडेचा एक धागा उसवला, जिभेवर ओला केला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणला. तो लगेच तुटला. मग त्यांनी आपल्या धोतराच्या काठाचा एक धागा काढून तसाच ओला करून ताणला. तो तुटायला तयार होईना. 'हे सूत नव्हे,' एवढेच ते म्हणाले. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, पुढचे वाक्य उच्चारले: 'नकली माल आहे, याच नकली मालाने गिरण्या खाल्ल्या.' ते वाक्य त्याने आजपर्यंत सोडलेले नाही.

मी फाटलेला तुकडा प्रयोगशाळेत नेला. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत त्या दिवसभर ठेवल्या, कारण हवेतल्या ओलाव्याप्रमाणे या कापडाची ताकद बदलते. कोरडी पट्टी यंत्रात लावली तेव्हा काटा २६ किलोवर गेला आणि मग ती तुटली. तासभर पाण्यात ठेवलेली पट्टी १३ किलोलाच तुटली. व्हिस्कोसचा हा स्वभावच आहे; ओले असताना त्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. कापसाच्या तंतूत सेल्युलोजचे रेणू हजारो दुव्यांच्या लांब साखळ्यांचे आणि शिस्तीत बसलेले असतात. व्हिस्कोस बनवताना, लगदा मुरत असताना, त्या साखळ्या मुद्दाम तोडून काही शे दुव्यांच्या केलेल्या असतात आणि त्यांची मांडणीही सैल असते. पाणी त्या सैल जागांत शिरते, तंतू फुगतो आणि साखळ्या एकमेकींवरून सरकतात. कापूस मात्र ओला झाल्यावर थोडा अधिकच बळकट होतो.

म्हणजे आबांची परीक्षा अचूक होती. त्यांनी जिभेवर धागा ओला करून जे केले, तेच मी यंत्रावर केले. चूक होती ती निष्कर्षात. धोपाटणे, दगड, पीळ ही आपली धुण्याची सगळी पद्धत ओलेपणी बळकट होणाऱ्या सुतासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे, आणि तीच पद्धत आईने अशा कापडावर वापरली की जे ओलेपणी सर्वांत नाजूक असते. साडी विकणाऱ्याने तिला तसे सांगायला हवे होते, आणि खरे म्हणजे मीही सांगायला हवे होते.

गिरण्यांबद्दल दादाने जे म्हटले तेही मला कधी पटले नाही. रेयॉन ही बाहेरून आलेली बला नव्हती. कल्याणजवळ शहाडला आणि मोहने येथे त्याचे धागे निघत होते, मध्य प्रदेशात नागद्याला १९५४ पासून व्हिस्कोसचे तंतू बनत होते, आणि वरळीला रेशीम व आर्ट सिल्क गिरण्यांची संशोधन संस्था, सस्मिरा, १९५० पासून उभी होती. आबांचे काम गेले त्यामागे संप होता, मालकांचे हिशोब होते आणि भिवंडीचे यंत्रमाग होते. एका धाग्यावर तो सगळा राग काढणे मला अन्यायाचे वाटते.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मुंबईच्या घामात व्हिस्कोस अंगाला चांगले वाटते, कारण प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवामानात ते आपल्या वजनाच्या सुमारे १३ टक्के ओलावा धरते. कापूस साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरतो आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत लोकलच्या गर्दीत व्हिस्कोसचा कुर्ता पॉलिस्टरसारखा अंगाला चिकटून गुदमरवत नाही, आणि त्याच्यासारखा झुळझुळीतपणा सुती कापडाला येत नाही. पावसाळ्यात मात्र मी ते वापरत नाही. जे इतके पाणी पिते ते वाळतही सावकाश, आणि जुलैत दोन दिवस दमट राहिलेल्या सेल्युलोजवर, मग ते कापसाचे असो की लाकडाचे, बुरशी धरते.

'बांबू सिल्क' या नावाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. त्यात रेशीम नसते आणि बांबूचे म्हणावे असे काही शिल्लक उरलेले नसते. लगदा बांबूचा असला तरी कृती बहुतेक वेळा व्हिस्कोसचीच असते आणि हाती येतो तो रेयॉनच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये अशा विक्रेत्यांवर कारवाई करून हे कापड 'बांबूपासून बनवलेले रेयॉन' असेच म्हटले पाहिजे असे ठरवले, आणि बांबूचे जंतुनाशक गुण त्यात टिकतात हा दावाही फेटाळला. दुकानात खात्री करायची असेल तर कडेचा एक धागा मागून घ्या. जळताना कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर ते सेल्युलोज. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. त्यानंतर दुसरा धागा आबांसारखा ओला करून ताणा. सहज तुटला तर व्हिस्कोस, नाही तुटला तर बहुधा कापूस.

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. व्हिस्कोस प्लास्टिक नाही याचा अर्थ ते निर्दोष आहे असा नाही. कार्बन डायसल्फाइड विषारी आहे, त्याच्या वाफा मज्जासंस्थेला आणि हृदयाला अपाय करतात, आणि जिथे वाफ धरून परत वापरण्याची व्यवस्था नीट नसते तिथे त्याची किंमत कामगार मोजतात. लायोसेल हे त्याच सेल्युलोजचे धाकटे भावंड आहे. त्यात लगदा एका वेगळ्या द्रावकात थेट विरघळवतात आणि तो द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवतात. ते ओलेपणीही बरेच बळकट राहते. परवडत असेल तर ते घ्या.

व्हिस्कोसच घेणार असाल तर शिवायला देण्यापूर्वी कापड दोन तास पाण्यात भिजवून, न पिळता, पसरून वाळवा. ते आटते, आणि शिवल्यानंतर आटलेला कुर्ता दुरुस्त होत नाही. पुढेही पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा.

आणि दादासाठी एक, कारण माझी उत्तरे तो वाचतो. त्या दिवशी मी तीन पट्ट्या कापल्या होत्या. आबांनी दोनच पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या, तूही तिसरी पाहिली नाहीस. ती मी तासभर पाण्यात ठेवली होती आणि मग पूर्ण वाळवून यंत्राला लावली होती. ती २५ किलोला तुटली. आईच्या साडीच्या उरलेल्या तुकड्यासह तिन्ही पट्ट्या माझ्या कपाटात आहेत. गणपतीला येशील तेव्हा काढून ठेवते.