सोसायटीत रोज १५० किलो ओला कचरा निघतो. त्यातून गाडीत भरायचा सीबीजी (शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) करता येईल का? गॅस शुद्ध करायला पीएसए (दाब बदलून कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं यंत्र) घ्यावं की मेम्ब्रेन (तो गाळून काढणारा पडदा)?

नाही. १५० किलोंतून साधारण १५ घनमीटर बायोगॅस, तो शुद्ध करून दाबला की जेमतेम सहा किलो सीबीजी. एका वॅगन-आरची टाकीही भरत नाही. तेवढ्यासाठी २५० बारचा कॉम्प्रेसर, कॅस्केड (दाबलेला गॅस साठवायच्या सिलिंडरांचा संच) आणि पेसोचा (स्फोटक सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा) परवाना? गॅस सरळ शेगडीत जाळा. गाड्यांसाठी कचरा टनांत लागतो.

पीएसए की मेम्ब्रेन, हा प्रश्न विक्रेत्यांनी डोक्यात घातलेला. प्लांट बंद पडतो तो डायजेस्टरमुळे, म्हणजे कचरा कुजून गॅस बनतो त्या टाकीमुळे. उपनगरातल्या एका १०० घनमीटरच्या डायजेस्टरचं उदाहरण घ्या. रोज एक टन हॉटेलचा आणि भाजीचा कचरा, पीएच ७.१, मिथेन ५८ टक्के. मे महिन्यात रसवाल्यांकडची आंब्याची सालं आणि चोथा यायला लागला, फीड दोन टनांवर गेलं. पहिले दोन दिवस गॅस वाढला, सगळे खूश. चौथ्या दिवशी फेस, पीएच ६.३, मिथेन ४४. साखरेचं आम्ल झटपट बनतं; ते खाऊन मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढतात.

विक्रेत्याचा माणूस म्हणाला, पीएसएचं मटेरियल गेलं, बदला. बदललंही! पीएसएच्या आधी कच्च्या गॅसचं मिथेन मोजायला त्याच्याकडे मीटरच नव्हता. मग कोणीतरी चुना ओतला. चुन्याने डोममधला कार्बन डायऑक्साइड शोषला, दाब पडला, गॅस साठवायचा फुगा आत ओढला गेला आणि तळाशी खडूसारखा गाळ बसला.

करायचं होतं ते असं: फीड पूर्ण बंद. खाण्याचा सोडा घनमीटरला दोन किलो, एकदम नाही, तीन दिवसांत वाटून. आरेच्या तबेल्यातलं ताजं शेण किंवा चालू प्लांटची स्लरी. व्हीएफए (टाकीत साचलेली आम्लं) आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची क्षमता) यांचं गुणोत्तर ०.३ च्या खाली आलं की पाव टनापासून पुन्हा सुरुवात. हे गुणोत्तर आठवड्यातून दोनदा काढा. पीएच पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण अल्कलिनिटी संपेपर्यंत तो हलतच नाही.

आणि तरीही मशीनच घ्यायचं असेल, तर लहान प्लांटला पीएसए बरं. मेम्ब्रेनला जास्त दाब लागतो आणि घाण गॅस अजिबात चालत नाही. दोन्हींच्या आधी हायड्रोजन सल्फाइड काढायलाच हवा: आधी आयर्न चिलेटचा स्क्रबर (लोहाच्या द्रावणाने गॅस धुणारं यंत्र), मग अॅक्टिव्हेटेड कार्बन. आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे घनमीटरला २० मिलिग्रॅमच चालतो, मिथेन किमान ९० टक्के. ओलावाही दाबण्याआधीच काढा, नाहीतर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गंजतात. मासळी बाजाराचा कचरा घेणार असाल तर वरचे आकडे विसरा. त्यात सल्फर आणि अमोनिया दोन्ही चढतात, स्क्रबर मोठाच लागेल.