गुडघ्याचा लिव्हर आणि आठवी तार

प्रश्न: मी डॅलसला असतो, सेकंडहँड पेडल स्टील गिटार घेतलीय (आडवी ठेवून वाजवायची, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचा सूर बदलणारी), ई नाइन ट्यूनिंग, म्हणजे तारा लावायची तिची एक ठरलेली पद्धत. डाव्या गुडघ्याचा लिव्हर बाहेर ढकलला की चौथी तार ई वरून एफला बरोबर जाते पण आठवी, तीही ईच, एफच्या खालीच राहते, तिच्या रॉडच्या टोकाचा सूर जुळवायचा नायलॉनचा नट पिळला तर लिव्हर सोडल्यावर ती चढी वाजते. काय करू?

उत्तर: अहो, तो नट आधी सैल करा! लिव्हर मोकळा असताना रॉडला (लिव्हरची ओढ तारेपर्यंत नेणारी सळई) किंचित ढील हवीच, नाहीतर चेंजरचं फिंगर, म्हणजे तार ओढणारा भाग, पूर्ण मागे येत नाही आणि मोकळी तार चढी राहते, तुमचं तेच झालंय. मग गिटार उलटी करून आठव्या तारेचा रॉड बेलक्रँकच्या (लिव्हरबरोबर फिरणाऱ्या शाफ्टवरचा, रॉड ओढणारा छोटा दांडा) शाफ्टपासून लांबच्या भोकात घाला, म्हणजे गुडघा तेवढाच हलला तरी रॉड जास्त ओढला जातो, लिव्हर थोडा जड लागेल पण चालतं. दोन्ही तारा एकदमच निघून एकदमच पोचल्या पाहिजेत, खरी मजा त्यातच आहे. तरी कमी पडलं तर लिव्हर किती हलेल ते अडवणारा स्टॉप स्क्रू अर्धा फेरा मागे घ्या. मोकळ्या तारा की-हेडवर (खुंट्यांच्या टोकाला) आधी लावा, एफचा सूर नायलॉनच्या नटवर शेवटी, आणि प्लीज घाई नका करू, एका वेळी एकच गोष्ट बदला.